हौस, हुन्नर आणि मजुरी

स्नूकरचा अमुक एक खेळाडू 'व्यावसायिक झाला', अशी बातमी वर्तमानपत्राच्या क्रीडापृष्ठावर अधूनमधून येते. कधी तो खेळाडू मुंबईचा असतो, कधी कैरोचा, कधी बँकॉकचा. बातमी चार ओळींची असते आणि वाचक ती वाचून पान उलटतो. परंतु या चार ओळींत नेमके काय घडलेले असते, याचा विचार करू लागलो म्हणजे एक मोठा प्रश्न उभा राहतो. खेळाडूच्या हातात काल जी काठी होती तीच आज आहे. टेबल तेच, चेंडू तेच, नियमही तेच. मग बदलले काय? बदलले ते एवढेच की, काल त्याच्या पोटाची काळजी दुसरा कोणी वाहत होता, मग तो बाप असो, संस्थान असो, सरकार असो की नोकरी असो. आजपासून ती त्याने स्वतःच्या मनगटावर घेतली. हुन्नराला मजुरी मिळावी की नाही, मिळावी तर ती कोणी द्यावी, आणि हार झाली त्या दिवशी हुन्नरवाल्याने खावे काय, असा हा प्रश्न आहे. तो खेळाचा आहे तितकाच मजुरीचा आहे; म्हणून कामगार चळवळीत ज्याचे आयुष्य गेले अशा माणसाने त्यावर बोलणे अप्रस्तुत ठरू नये.

स्नूकर हा खेळ विलायती समजला जातो. पण त्याचा जन्म आपल्या देशातला आहे. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण इंग्रज अधिकाऱ्याने बिलियर्डच्या टेबलावर तांबड्या चेंडूंच्या जोडीला निराळ्या रंगांचे चेंडू मांडून हा नवा डाव बसवला. पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झालेला चेंबरलेन तो हा नव्हे. 'स्नूकर' हा शब्द तेव्हा लष्करी विद्यालयातल्या नवशिक्या पोरांना थट्टेने लावीत असत. खेळताना चुकलेल्या एका सोबत्याला चेंबरलेनने ती उपाधी दिली आणि तेच नाव खेळाला चिकटले. पुढे उटकमंडच्या क्लबात या खेळाचे नियम लिहून काढण्यात आले. १८८५ साली बिलियर्डचा नामांकित इंग्रज खेळाडू जॉन रॉबर्ट्स कलकत्त्यास आला असता त्याने चेंबरलेनकडून हे नियम समजावून घेतले आणि खेळ इंग्लंडात नेला.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. टेबल बारा फूट लांब व सहा फूट रुंद असते. त्याचा तळ पाटीच्या दगडाचा, वर हिरवी लोकरी बनात, आणि एकंदर वजन टनाहून अधिक. पंधरा तांबडे चेंडू, सहा निरनिराळ्या रंगांचे आणि एक पांढरा. पांढऱ्याला काठीने मारून त्याच्याकडून बाकीचे चेंडू टेबलाच्या सहा जाळ्यांत घालवायचे. तांबड्याला एक गुण. पिवळ्यापासून काळ्यापर्यंत दोन ते सात. एकदा तांबडा, एकदा रंगीत, असा क्रम. एका दमात एकही चूक न करता सर्व टेबल साफ केले, आणि दर तांबड्यामागून काळाच घेतला, तर १४७ गुण होतात. आपल्याकडे कॅरम खेळणाऱ्या पोराला याची गोडी समजायला वेळ लागणार नाही. कारण सोंगटी जाळीत जाणे महत्त्वाचे नाही, ती गेल्यावर स्ट्रायकर कुठे थांबतो हे महत्त्वाचे, ही गोष्ट त्याला ठाऊकच असते.

आता असे टेबल ठेवायला मोठी खोली हवी, ते सपाटीत राखायला माणूस हवा, आणि खेळायला रिकामी दुपार हवी. या तिन्ही गोष्टी छावणीच्या मेसमध्ये आणि साहेबांच्या क्लबात होत्या. अशा बहुतेक क्लबांत हिंदी माणसाला सभासद म्हणून प्रवेश नसे. नोकर म्हणून असे. त्या नोकराला 'मार्कर' म्हणत. टेबल झाडणे, चेंडू मांडणे, गुण पुकारणे हे त्याचे काम. आणि साहेबाला जोडीदार मिळाला नाही म्हणजे त्याच्याशी खेळणे हेही त्याचेच काम. रोज आठ-दहा तास टेबलाजवळ राहणाऱ्या माणसाचा हात साहेबापेक्षा चांगला बसला तर त्यात नवल ते काय? पण साहेबाचे खेळणे ही हौस मानली गेली आणि मार्करचे खेळणे ही चाकरी.

हीच गोष्ट पुण्याच्या क्रिकेटमध्ये अधिक स्पष्ट दिसते, आणि तिची हकिकत लेखी राहिलेली आहे. चांभार समाजात जन्मलेले पळवणकर बाळू हे पुण्याच्या गोऱ्या लोकांच्या क्लबात दरमहा चार रुपयांवर चाकरीला होते. खेळपट्टीवर रूळ फिरवणे, जाळ्या उभारणे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणे, हे त्यांचे काम. या चाकरीतच त्यांची डावखुरी गोलंदाजी घडली. पुढे १९११ साली हिंदी संघ इंग्लंडला गेला तेव्हा त्या दौऱ्यात बाळूंनी शंभराहून अधिक गडी बाद केले. ज्या हुन्नराने हा पराक्रम केला त्याची शाळा चार रुपयांची नोकरी होती. म्हणजे मजुरीने खेळ हलका होतो, ही समजूत पहिल्याच कसोटीला उतरत नाही.

तरीही ही समजूत जगभर शंभर वर्षे राज्य करीत होती. तिचा उगम इंग्लंडात आहे आणि तो पाहण्यासारखा आहे. १८७९ साली हेन्लीच्या नौकाशर्यतीच्या चालकांनी 'हौशी' कोणाला म्हणावे याचा नियम केला. पैशासाठी वल्हवणारा माणूस हौशी नव्हे, हे एक वेळ समजू शकते. पण त्या नियमात पुढे असेही होते की, जो कारागीर, यंत्रकामगार किंवा मजूर आहे, अथवा पूर्वी होता, तोही हौशी नव्हे! त्याने वल्हवण्याबद्दल एक कवडी घेतलेली नसली तरी नव्हे. हाताने काम करून जगणे हाच अपराध ठरला. क्रिकेटमध्ये 'जंटलमन' आणि 'प्लेअर' असे दोन वर्ग होते; त्यांचा आपसांतला सामना १८०६ पासून १९६२ पर्यंत चालला. १८९५ साली उत्तर इंग्लंडातल्या रग्बी संघांनी मूळ संस्थेशी फारकत घेतली, ती याच मुद्द्यावर. खाणकामगार आणि गिरणीकामगार शनिवारी खेळायला गेले की त्यांचा त्या दिवसाचा रोज बुडे. तो बुडालेला रोज भरून द्यावा एवढीच त्यांच्या संघांची मागणी होती, आणि तीही हौशी तत्त्वाच्या नावाखाली नाकारण्यात आली.

आपल्या परंपरेत हा विचार मुळात नव्हता. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेत कुस्त्यांचा फड लागतो, तसाच लातूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेतही लागतो. जिंकणारा मल्ल बक्षीस घेतो, फेटा बांधून घेतो आणि हलगीच्या कडकडाटात फडात फिरतो. त्याने पैसा घेतला म्हणून तो बाटला असे कोणी म्हटलेले माझ्या ऐकिवात नाही. उलट बक्षीस मोठे तितकी कुस्ती मोठी. मल्लाला खुराक लागतो आणि खुराकाला पैसा लागतो, हे खेडुतालाही कळते. मात्र नाटकाच्या व्यवहारात 'हौशी' आणि 'धंदेवाईक' हे शब्द आपण शिकलो आणि 'धंदेवाईक' या शब्दाला एक आंबूस वास येऊ लागला. आज त्याच अर्थी 'व्यावसायिक' म्हणतात. शब्द गोड झाला एवढेच.

पण खुराकाचा प्रश्न शब्दाने सुटत नाही. १९५२ साली हेलसिंकीला जायला खाशाबा जाधवांजवळ पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातले पहिले ऑलिंपिक पदक मिळवून दिले. लातूर जिल्ह्याचे हरिश्चंद्र बिराजदार यांनी १९७० साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. या यशाचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावाच. पण एका प्राचार्याच्या घराच्या कागदपत्रांवर राष्ट्राचे पदक अवलंबून असावे, ही गोष्ट अभिमानाची नाही. ज्याला असा प्राचार्य भेटला नाही त्याचे नाव आपल्याला माहीत होत नाही.

मग छावणीतल्या साहेबांचा स्नूकर मजुरांच्या हाती गेला कसा? तो गेला इंग्लंड-वेल्सच्या कोळसाखाणींत. तिथल्या खाणकामगारांनी आपल्या मजुरीतून वर्गणी काढून गावोगाव 'वर्कमेन्स इन्स्टिट्यूट' नावाच्या इमारती बांधल्या होत्या. त्यांत वाचनालय असे, सभागृह असे आणि बिलियर्डचे टेबलही असे. १९२० साली कायदा होऊन खाणकामगार कल्याण निधी स्थापन झाला. खाणीतून निघणाऱ्या दर टन कोळशामागे एक पेनी खाणमालकाने या निधीत भरायची. टनामागे एक पेनी ही रक्कम किती क्षुल्लक! पण तिच्यातून स्नानगृहे, मैदाने आणि कल्याणगृहे उभी राहिली.

वेल्समधल्या ट्रेडेगर या खाणीच्या गावचे उदाहरण घ्या. याच गावच्या कामगार वाचनालयात वाचून अन्यूरिन बेव्हन नावाचा खाणकामगार शहाणा झाला आणि पुढे मंत्री होऊन त्याने १९४८ साली ब्रिटनमध्ये सर्वांसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू केली. त्याच गावच्या वर्कमेन्स इन्स्टिट्यूटमध्ये दहा वर्षांचा रे रिअर्डन आठवड्यातून दोनदा स्नूकरचा सराव करी. चौदाव्या वर्षी तो खाणीत उतरला. हात खराब होऊ नयेत म्हणून तो कोळसा खणताना पांढरे हातमोजे घाली. पुढे एका खाणीत दरड कोसळून तो तीन तास गाडला गेला, वाचला, खाण सोडून पोलिसात गेला, आणि १९६७ साली पोलिसाची नोकरी सोडून व्यावसायिक खेळाडू झाला. १९७० ते १९७८ या काळात तो सहा वेळा जगज्जेता झाला. साहेबाच्या मेसमध्ये जन्मलेला खेळ मजुराच्या वर्गणीच्या टेबलावर मोठा झाला, तो असा.

रिअर्डनने पोलिसाचा बांधलेला पगार सोडला हे साहस केवढे होते, हे समजण्यासाठी त्या धंद्याची आधीची अवस्था पाहिली पाहिजे. स्नूकरची पहिली व्यावसायिक जागतिक स्पर्धा १९२७ साली झाली. तिचा विजेता ज्यो डेव्हिस. त्याच्या पदरात पडले साडेसहा पौंड. खेळाडूंनी भरलेल्या प्रवेश-फीतून चषक विकत घेतला होता. ज्यो डेव्हिस १९४६ पर्यंत अजिंक्य राहिला, पण तो निवृत्त झाल्यावर प्रेक्षक ओसरले. १९५७ नंतर १९६४ पर्यंत जागतिक स्पर्धाच झाली नाही. १९५१ नंतर सुमारे सोळा वर्षे एकही नवा खेळाडू या धंद्यात आला नाही. जुने मूठभर खेळाडू आपसांत उरलेसुरले काम वाटून घेत आणि नव्याला वाव राहत नसे. धंदा आक्रसला की आतले लोक दार लावून घेतात, हे आपल्या कामगार संघटनांनीही कधीकधी केलेले आहे. त्याने आतल्यांचेही पोट भरत नाही.

याच ओसाड वर्षांत आपल्या पुण्यात जन्मलेला एक माणूस जगज्जेता झाला, ही गोष्ट मी मुद्दाम इथे सांगतो. विल्सन जोन्स यांचा जन्म पुण्यात १९२२ साली झाला. बिलियर्डचे राष्ट्रीय अजिंक्यपद त्यांनी बारा वेळा आणि स्नूकरचे पाच वेळा मिळवले. १९५८ साली कलकत्त्यास भरलेली जागतिक हौशी बिलियर्ड स्पर्धा त्यांनी जिंकली. कोणत्याही वैयक्तिक खेळात जगज्जेता होणारे ते पहिले भारतीय. १९६४ साली न्यूझीलंडमध्ये त्यांनी हे पद पुन्हा मिळवले. १९६५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २००३ साली ते मुंबईत वारले. जोन्स शेवटपर्यंत हौशी खेळाडू राहिले आणि पुढे त्यांनी नव्या खेळाडूंना शिकवले. यावर कोणी म्हणेल की त्यांना पैशाचा मोह नव्हता. नसेलही, पण इतिहास आणखी एक गोष्ट सांगतो. व्यावसायिक बिलियर्डचे जागतिक पद १९५१ साली न्यूझीलंडच्या क्लार्क मॅकोनाचीने मिळवले, आणि त्यानंतर १९६८ पर्यंत त्या पदासाठी एकही सामना झाला नाही. म्हणजे जोन्स यांच्या ऐन भरात त्यांना धंद्यात उतरायचे असते तरी उतरायला धंदा कुठे होता? ज्याला निवड नाही त्याच्या त्यागाचे पोवाडे गाऊ नयेत. त्याच्या हुन्नराचे गावेत.

धंद्याला पुन्हा जीव आला तो १९६९ साली. ब्रिटिश दूरचित्रवाणी रंगीत होत होती, आणि रंगीत चेंडूंचा हा खेळ तिला आयताच सापडला. दुसऱ्या बाजूने, दूरचित्रवाणीवर सिगारेटच्या जाहिरातींना १९६५ साली बंदी झालेली असल्यामुळे तंबाखू-कंपन्यांनी आपला पैसा स्पर्धांच्या पुरस्कारात घातला. १९६९ च्या जागतिक स्पर्धेची शंभर पौंडांची प्रवेश-फी जॉन स्पेन्सरने बँकेतून कर्ज काढून भरली आणि स्पर्धा जिंकली. १९७७ पासून ही स्पर्धा शेफील्डच्या क्रुसिबल नाट्यगृहात होऊ लागली. १९८५ चा अंतिम सामना मध्यरात्र उलटून गेली तरी संपेना, आणि ब्रिटनमध्ये एक कोटी पंच्याऐंशी लाख लोक तो पाहत बसले होते. स्पेन्सरने कर्ज काढून भरलेल्या शंभर पौंडांपासून हा मजल दर मजल झालेला प्रवास आहे. पण त्यातला पैसा तंबाखूचा होता आणि फुप्फुसे प्रेक्षकांची होती, हेही विसरू नये. ती पुरस्कृती २००५ साली संपली.

या काळात आपल्या देशाने तिसराच मार्ग काढला. रेल्वे, बँका, तेल-कंपन्या, पोलीस अशा ठिकाणी खेळाडूला नोकरी द्यायची, सरावाला रजा द्यायची, आणि त्याला हौशीच म्हणायचे. या मार्गाला नावे ठेवण्याची फॅशन आहे. मी ती पाळणार नाही. महिन्याच्या महिन्याला पगार, भविष्यनिर्वाह निधी, आजारपणाची रजा, या गोष्टी ज्याला मिळाल्या तो हरल्यावरही माणसासारखा जगू शकला. खोट एवढीच की, या नोकऱ्या थोड्या, आणि त्या आधी नाव झालेल्याला मिळतात. नाव होईपर्यंतची दहा वर्षे कोणी पोसायची, हा प्रश्न राहतोच. शिवाय मानाची विषमता निराळी. मुंबईचे मायकेल फरेरा तीन वेळा बिलियर्डचे हौशी जगज्जेते झाले. १९८१ साली त्यांना पद्मश्री देऊ केली, तेव्हा क्रिकेटपटूला पद्मभूषण आणि आम्हाला हे का, असे विचारून त्यांनी ती नाकारली. १९८३ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. आपल्या कामाचा दर ठरवून घेण्यासाठी नाही म्हणावे लागते, हे आम्हा चळवळीतल्या लोकांना नवीन नाही.

मग धाडस करून व्यावसायिक स्नूकरमध्ये उतरणाऱ्यांची पिढी आली. १९८९ साली आशियाई अजिंक्यपद मिळवणारे मुंबईचे यासिन मर्चंट पुढच्या दशकात त्या फेरीत गेले. पुण्यात जन्मलेले आणि बंगळुरात वाढलेले पंकज अडवाणी २०१२ साली उतरले. २०१३ साली वेल्समधल्या स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरी गाठून २०१४ साली त्यांनी ती वाट सोडली आणि मायदेशी परतून जागतिक पदे जिंकीत राहिले. मुंबईचे आदित्य मेहता २०१२ साली आशियाई अजिंक्यपद जिंकून व्यावसायिक फेरीत गेले. २०१३ च्या ऑक्टोबरात दिल्लीला भरलेल्या इंडियन ओपन स्पर्धेत ते अंतिम फेरीत पोहोचले. मानांकनाच्या स्पर्धेत इथवर पोहोचलेले ते पहिले भारतीय. अंतिम सामन्यात चीनच्या डिंग जुनहुईने त्यांचा पाच-शून्य असा पराभव केला. २०१४ साली मेहतांनी व्यावसायिक सामन्यात १४७ चा डावही केला. २०२३ साली मुंबईचे इशप्रीतसिंग चढ्ढा याच फेरीत दाखल झाले. इजिप्तचे खेळाडूही आफ्रिका खंडाचे अजिंक्यपद जिंकून याच दरवाजाने आत गेले आहेत. मुंबई आणि कैरो यांच्या गोष्टीत फारसा फरक नाही: आपल्या खंडात पहिले यायचे आणि इंग्लंडात शेवटून सुरुवात करायची.

या दरवाजाच्या आत काय असते? व्यावसायिक फेरीत सुमारे १२८ खेळाडू असतात. नव्याला दोन वर्षांचे कार्ड मिळते. पगार नाही. प्रवास, निवास, जेवण, सराव हे सर्व आपल्या खर्चाने. बहुतेक स्पर्धा ब्रिटनमध्ये असल्याने घर सोडून तिकडे खोली घ्यावी लागते. जिंकला तर बक्षीस, हरला तर परतीचे भाडे अंगावर. दोन वर्षांत मानांकन पुरेसे चढले नाही तर कार्ड गेले. पुष्कळ वर्षे पहिल्या फेरीत हरणाऱ्याच्या हाती बहुधा काहीच पडत नसे. २०२२-२३ च्या हंगामापासून चालकांनी प्रत्येक कार्डधारकाला हंगामाला किमान वीस हजार पौंडांची हमी दिली. ही रक्कम त्याच्या पुढच्या बक्षिसांतून वळती होते. बक्षिसे कमी पडली तर फरक परत मागत नाहीत. मराठवाड्यातल्या श्रोत्याला हा व्यवहार समजावून सांगायला नको. ऊसतोडीला जाणारा जोडपी कोयता मुकादमाकडून जी उचल घेतो, तिचीच ही पाठची बहीण. फरक एवढाच की, न फिटलेली उचल आपल्या मजुराच्या डोक्यावर पुढच्या हंगामापर्यंत बसते, आणि खेळाडूच्या डोक्यावर बसत नाही. हा फरक लहान नाही.

अशा असुरक्षित मजुरीत मोहाला वाट मिळते. २०२३ साली सामने ठरवून खेळणे, त्यात सामील होणे, पैजा लावणे अशा अपराधांबद्दल दहा चिनी खेळाडूंवर बंदी आली. दोघांवर तर कायमची. अपराधाचे समर्थन मी करीत नाही. त्याच फेरीत तेवढ्याच ओढगस्तीत शेकडो खेळाडू प्रामाणिकपणे खेळले आहेत. पण ज्या धंद्यात तळाच्या माणसाची मिळकत अनिश्चित असते तिथे पहारा वाढवण्याबरोबर किमान मजुरीही वाढवावी लागते, हा अनुभव सर्व धंद्यांचा आहे. या दहांतला झाओ शिनतोंग याने स्वतः सामना विकला नव्हता. दुसऱ्याच्या कृत्यात सामील झाल्याचे आणि पैजा लावल्याचे त्याने मान्य केले होते. वीस महिन्यांची बंदी भोगून तो परतला. कार्ड गेलेले असल्यामुळे कागदोपत्री 'हौशी' म्हणून तो पात्रता फेऱ्यांतून चढत गेला, आणि २०२५ साली शेफील्डला जगज्जेता झाला. त्याचे बक्षीस होते पाच लाख पौंड. १८७९ साली ज्या शब्दाने मजुराला नदीवरून हाकलले, तो शब्द आज पाच लाख पौंड घेणाऱ्याला लागतो! त्या शब्दातला जुना अर्थ संपला आहे. उरला आहे तो कार्ड असण्या-नसण्याचा हिशेब.

या सगळ्या इतिहासातून मला एकच गोष्ट मांडायची आहे. खेळाडू व्यावसायिक होतो तेव्हा त्याचा खेळ बाटत नाही. फक्त जोखीम त्याच्या एकट्याच्या अंगावर येते. ती जोखीम ज्याच्या घरी पैसा आहे तोच घेऊ शकतो, किंवा ज्याच्या पाठीशी अनेकांच्या वर्गणीची इमारत आहे तो. रिअर्डनच्या पाठीशी पैसा नव्हता, इमारत होती. आपल्याकडून गेलेले खेळाडू बहुतांशी मोठ्या शहरांतले आहेत. कारण टेबले तिथल्या जिमखान्यांत आणि पैसे भरून खेळायच्या पार्लरांत आहेत. नांदेडच्या उस्मानशाही गिरणीत किंवा लातूरच्या गंजगोलाईत ज्यांच्या बापांनी घाम गाळला, त्यांच्या पोरांत हात बसलेला कोणी नव्हता असे मानायला मी तयार नाही. गणपतीच्या मांडवात, चहाच्या टपरीमागे, एका पिवळ्या दिव्याखाली कॅरम खेळणारी ही पोरे मी पाहिलेली आहेत.

आणि साधन आपल्या हाती नाही असेही नाही. १९५३ च्या कायद्याने आपल्या राज्यात कामगार कल्याण निधी स्थापन झाला. कामगार, मालक आणि सरकार असे तिघेही त्यात भर घालतात, आणि त्यावर ठिकठिकाणी कल्याण केंद्रे चालतात. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाच्या मजुरीवर मालकाकडून लेव्ही घेण्याची सोय केली. टनामागे एक पेनी आणि पोत्यामागची लेव्ही यांच्यात तत्त्वाचा भेद नाही. भेद आहे तो आपण त्या पैशाकडून काय मागतो यात. आपण दवाखाना मागितला, शिष्यवृत्ती मागितली, शिवणवर्ग मागितला, आणि ते योग्यच केले. त्याच हक्काने संध्याकाळी दहापर्यंत उघडी राहणारी, चांगला दिवा आणि सपाट टेबल असलेली एक मोठी खोली मागायला हरकत नसावी. टेबल स्नूकरचेच हवे असे नाही; कॅरमचे असो, टेबल-टेनिसचे असो, नाहीतर कुस्तीची माती असो. शेजारी वाचनालय असावे, म्हणजे हरलेल्या पोराला बसायला जागा होईल.

नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांतल्या संघटनांच्या पुढच्या वार्षिक सभांत मागण्यांच्या यादीत ही एक मागणी घालावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.